सही कुणाची, खातं कुणाचं?

आमच्या सल्ला केंद्रात मारहाणीच्या, पोटगीच्या तक्रारी येतात. मागच्या पावसाळ्यात एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी एका विद्यापीठात पीएच.डी. करते. सिकलसेलच्या आजारात ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हे चिकटणं कसं रोखता येईल, हे ती संगणकावर अणू-अणूचा हिशोब मांडून शोधते. विभागात यंत्र एकच. एकेका हिशोबाला महिने लागतात. चौथं वर्ष सरत आलंय, आणि घरी स्थळ आलंय. आईचं म्हणणं, "ताई, हिची समजूत घाला."

मी समाजकार्य शिकलेली बाई, यंत्रांतलं मला काय कळणार? पण महासंगणकावर हेच काम काही दिवसांत होतं, हे मुलीनंच मला समजावलं. तिथं जावंही लागत नाही. नळावर हंडा रांगेत लावून घरी यावं, तसं काम दुरूनच रांगेत लावायचं. नंबर आला की रात्रीही चालतं. वसतिगृहाचं फाटक लवकर बंद होणाऱ्या मुलींना याहून सोयीचं काय असेल?

अशी यंत्रं देशात आहेत. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये 'परम ८०००' बनवला. २०१५ मध्ये सरकारनं राष्ट्रीय महासंगणन मोहिमेला ४,५०० कोटी रुपये मंजूर केले. सत्तरहून अधिक केंद्रं राष्ट्रीय ज्ञान जाळ्यानं जोडून देशभरच्या संशोधकांना ती वापरता यावीत, असं ठरलं होतं. पण यंत्रं बसली ती बहुतेक आयआयटी, आयसर अशा मोठ्या घरांत. खरगपूरच्या यंत्राचं नाव 'परम शक्ती', रुरकीच्या यंत्राचं 'परम गंगा'. नावं देताना बायका बऱ्या आठवतात!

बाहेरच्या विद्यार्थिनीला तिथं पोचायचं तर अर्ज, वापराचं शुल्क आणि मार्गदर्शकाची सही. या मुलीच्या सरांनी सही केलेली नाही. शुल्क कुणी भरायचं म्हणून कागद कार्यालयात पडलाय. एका माणसाच्या सहीवर मुलीची वर्षं टांगलेली असणं म्हणजे काय, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. सही अडवून काय काय मागितलं जातं, तेही आपण ऐकलेलं आहे.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी बायकांना दोन वर्षं वाढवून मिळतात. सवलत चांगलीच आहे. पण त्या दोन वर्षांत घर थांबतं का? मुदतवाढीपेक्षा वेळ वाचवणारं यंत्र हाती द्या, असं मला वाटतं. अमेरिकेत 'ॲक्सेस' ही सामाईक व्यवस्था आहे. तिथंही विद्यार्थिनीला मार्गदर्शकाचं पत्र लागतं. पण छोट्या कामासाठी अर्ज तिच्या स्वतःच्या नावानं होतो आणि शुल्क पडत नाही.

आपणही एवढं मागायला हवं. खातं विद्यार्थिनीच्या नावानं असावं, राज्य विद्यापीठांतल्या मुलींचं शुल्क मोहिमेनं सोसावं, सही अडली तर विभागाबाहेर दाद मागता यावी, आणि प्रशिक्षण जिल्ह्याच्या गावी, दिवसा, मराठीत व्हावं. मैत्रिणींनो, तुमच्या भागातल्या विद्यापीठाच्या महिला कक्षात गेलात तर तिथल्या किती मुलींकडे असं खातं आहे, ते जरूर विचारा.

समजूत मी आईचीच घातली. एक वर्ष थांबायला ती कबूल झाली. त्यातले पाच महिने गेले. कागद अजून टेबलावरच आहे.