काचेच्या पेटीतले स्वदेशी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पश्चिम नागपुरातील हजारो कुटुंबे अंथरुणातच पाण्याने जागी झाली. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता, अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडत होता आणि ज्या नाग नदीला शहराने केव्हाच नाला ठरवून टाकले होते ती अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनी अशा सुखवस्तू वस्त्यांच्या दिवाणखान्यांतून वाहत होती. माणसे दगावली, सुमारे दहा हजार घरांची हानी झाली. दुसऱ्या दिवसापासून प्रथेप्रमाणे दोषारोप सुरू झाले. कोणी महापालिकेला धारेवर धरले, कोणी सुधार प्रन्यासला, कोणी हवामान खात्याला. पावसाला तर सर्वांनीच. नदीच्या पात्राला खेटून इमारतीचा नकाशा कोणी काढला, कोणी मंजूर केला आणि कोणी हौसेने विकत घेतला, हा प्रश्न मात्र कोणी स्वतःला विचारल्याचे दिसले नाही.

नागपूर हे नावच मुळी नदीचे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने १७०२ मध्ये नाग नदीच्या काठची लहान लहान खेडी एकत्र करून हे नगर वसवले. त्याच्या वारसाने राजधानीला कोट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा शुक्रवारी तलाव, म्हणजे गांधीसागर. पुढे भोसल्यांच्या काळात तेलंगखेडी, सक्करदरा, सोनेगाव अशी तळी झाली. पाणी आधी अडवायचे, जिरवायचे आणि मग वस्ती वाढवायची, असा तो क्रम होता. त्या कारागिरांजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती, पण जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते आणि पाणीही त्याच वाटेने जाते, एवढे त्यांना ठाऊक होते. आजच्या नागपुरात सिमेंटचे रस्ते जुन्या घरांच्या जोत्याहून उंच बांधले जातात आणि पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी आंगणातून ओसरीत येते. रस्ता उंच झाला की विकास झाला, अशी समजूत असल्यावर याहून वेगळे काय घडणार?

महालातल्या, इतवारीतल्या ज्या जुन्या वाड्यांकडे आज ‘केव्हा पडेल कोण जाणे’ अशा नजरेने पाहिले जाते, त्यांची रचना या उन्हाला दिलेले उत्तर होते. नागपूरचे ऊन ही काही थट्टा नव्हे. मे २०१३ मध्ये येथे पारा ४७.९ अंशांवर गेला. ३० मे २०२४ रोजी एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद करून देशभर खळबळ उडवली. यंत्र बिघडले होते, असा खुलासा नंतर झाला. गंमत अशी की, नागपूरकरांना ती नोंद फारशी अविश्वसनीय वाटली नव्हती! अशा उन्हात हातभर जाडीच्या विटामातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कवेलू, पुढे छपरी, मधोमध उघडा चौक आणि मागे परसदार ही व्यवस्था शेकडो वर्षांच्या अनुभवातून आली होती. चौकातली गरम हवा वर निघून जाई, छपरीतून गार हवा आत येई, दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडले की माजघरात निवांत झोप लागे. हे केवळ सरदार-दरकदारांच्या घरी होते असेही नाही. कोष्ट्याच्या घरी पुढच्या खोलीत माग असे, कुणब्याच्या घरी गोठा असे. पण छपरी, आंगण आणि जाड भिंत सर्वांकडे होती. ऐपतीप्रमाणे आकार बदले, रीत एकच.

त्या चौकाने आणखी एक काम केले. आश्विनात भुलाबाईची गाणी म्हणायला गल्लीतल्या मुली कोणाच्या तरी आंगणात जमत. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरे ओट्या-ओट्यांवरून फिरत. मारबतीची मिरवणूक पाहायला अख्खे घर गच्चीत आणि ओट्यावर येई. १९२६ मध्ये डॉ. हेडगेवारांनी नित्य शाखा सुरू केली ती मोहिते वाड्याच्या पडीक आवारात, हे स्वयंसेवकांना सांगायला नको. आजच्या फ्लॅट स्कीममध्ये तळमजल्यावर मोटारी उभ्या असतात आणि लिफ्टचे दार उघडले की थेट कुलूपबंद दरवाजे. शाखा कुठे लावावी? भुलाबाई कुठे मांडावी? शेजाऱ्याचे नाव पाटीवरून वाचावे लागते आणि मग ‘समाज विस्कळीत झाला’ म्हणून परिसंवाद भरवले जातात.

येथे एक कडवट सत्य मान्य केले पाहिजे. ज्या इंग्रजांनी नागपूरचे राज्य गिळले, त्यांनी येथे इमारती बांधताना येथल्या उन्हाचा मान राखला. १९२५ मध्ये खुले झालेले रेल्वे स्थानक सावनेरच्या वालुकाश्मात उभे राहिले. १९४० मध्ये उघडलेली उच्च न्यायालयाची इमारत हेन्री मेड या इंग्रज वास्तुविशारदाची. तिचा घुमट पाहा, रुंद व्हरांडे पाहा. राज्यकर्त्याचा तोरा तिच्यात आहेच. तरी व्हरांड्यात उभा राहणारा पक्षकार मे महिन्यातही सावलीत असतो. सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले उंच छताचे, खोल पडवीचे, झाडांच्या गर्दीतले. परका राज्यकर्ता मुकाट्याने येथली रीत शिकला आणि स्वतंत्र देशातले धनिक मात्र वर्धा मार्गावर दक्षिण-पश्चिमेला तोंड करून काचेचे दर्शनी भाग उभारत आहेत! दुपारी दोन वाजता त्या काचेतून उष्णता आत घ्यायची, ती बाहेर काढायला दिवसभर वातानुकूलन चालवायचे, त्या यंत्रांची गरम हवा रस्त्यावर सोडायची आणि उकाडा वाढला म्हणून हळहळायचे. दुकानांवर, रुग्णालयांवर, अगदी मंगल कार्यालयांवरही एसीपीचे चकचकीत पत्रे ठोकले जातात. त्याला ‘एलिव्हेशन’ म्हणतात म्हणे. इमारतीला चेहरा नसला की मुखवटा लागणारच.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत एकात्म मानववादाची मांडणी केली. जे आपले आहे ते युगानुकूल करून घ्यावे आणि जे बाहेरचे आहे ते देशानुकूल करून घ्यावे, हे सूत्र त्यांच्या विचारातून कार्यकर्त्यांच्या तीन पिढ्यांनी आत्मसात केले. अर्थकारणावर, शिक्षणावर बोलताना ते हमखास उच्चारले जाते. पण स्वतःचे घर बांधायची वेळ येते तेव्हा? स्वदेशीची शपथ घेतलेला माणूस दंतमंजन बदलतो, साबण बदलतो आणि दुबईच्या छायाचित्रावरून उचललेल्या इमारतीत फ्लॅट ‘बुक’ करून घरी पेढे वाटतो. मेकॉलेने शिक्षणातून जे साधले त्यावर पोटतिडकीने लिहिणाऱ्यांनी बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकाने काय साधले, याकडेही एकदा पाहायला हवे.

देशानुकूल म्हणजे काय, हे दाखवून देणारे वास्तुविशारद याच देशात होऊन गेले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली शिकले, पण अहमदाबादेत स्वतःचे ‘संगत’ हे कार्यालय बांधताना त्यांनी ते अर्धे जमिनीत उतरवले, वर घुमटाकार छते घातली आणि त्यांवर चिनी मातीचे पांढरे तुकडे बसवले. ऊन परतून जाते, आत गारवा राहतो. २०१८ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. लॉरी बेकर हा तर जन्माने इंग्रज, कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनबरोबर १९४५ मध्ये येथे आलेला. मिशनऱ्यांच्या हेतूंविषयी या समाजाच्या मनात ज्या शंका आहेत त्या आहेत; परंतु केरळात स्थानिक वीट, चुना, जाळीच्या भिंती वापरून त्याने गरिबांना परवडणारी घरे दिली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. आणि नागपूरहून दोन तासांच्या आत सेवाग्राम आहे. बापू कुटीची माती, बांबू, कवेलू यांची रचना पाहायला परदेशातून विद्यार्थी येतात. नागपूरचे किती बिल्डर तेथे गेले असतील?

‘मग काय पुन्हा वाड्यांत राहायला जायचे?’ असा प्रश्न येणारच. येणाऱ्याने तो जरूर विचारावा. वाड्यातले सगळेच सोन्याचे नव्हते. धुराने काळवंडलेली स्वयंपाकघरे, बाळंतिणीची कोंदट खोली, विधवेला नेमून दिलेला कोपरा, विहिरीवरचे सोवळे आणि दाराबाहेर उभे ठेवलेले आपलेच बांधव, हेही त्याच वाड्यांत होते. ते गेले, जायलाच हवे होते. युगानुकूल करणे ते हेच. पण ते टाकताना चौकही टाकला, सावलीही टाकली, जाड भिंतही टाकली. जमीन महाग झाली हे खरे. तथापि चार मजली इमारतीला मधला चौक ठेवता येतो, पश्चिमेच्या भिंतीला खोल सज्जे देता येतात, खिडकीवर पुरेसा छज्जा काढता येतो, गच्चीचे पाणी विहिरीत सोडता येते. यांतले काहीही बेकायदेशीर नाही आणि फारसे खर्चिकही नाही. फक्त ग्राहकाने मागितले पाहिजे. ग्राहक मागतो ते वास्तुशास्त्राच्या नावाने! ईशान्येला देवघर हवे, आग्नेयेला ओटा हवा, त्यासाठी पाडापाडी करायचीही तयारी आहे. ज्या शास्त्राने सूर्य, वारा आणि जमिनीचा उतार पाहून घर बांधायला सांगितले, त्याच्या नावावर आरसे आणि पिरॅमिड विकले जात आहेत, आणि धर्मनिष्ठ कुटुंबे ते विकत घेत आहेत.

स्मारकांच्या बाबतीतही हा विवेक सुटला. अंबाझरीच्या सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभारले गेले. पुरानंतर त्या जागेवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले. स्वामीजींविषयी कोणाच्या मनात किंतु असण्याचे कारण नाही. पण धरणातून सुटणाऱ्या पाण्याच्या वाटेत चौथरा बांधण्यापूर्वी नकाशावर बोट ठेवून कोणी ‘येथे नको’ म्हटले असते, तर तो स्वामीजींचा अवमान ठरला नसता. श्रद्धेचे नाव घेतले की जागेचा प्रश्न विचारायचा नाही, ही सवय घातक आहे.

दीक्षाभूमीचे उदाहरण वेगळे, पण तेथूनही शिकण्यासारखे आहे. सांचीच्या स्तूपाची आठवण देणारी ती वास्तू २००१ मध्ये लोकार्पित झाली आणि लाखो लोकांनी ती मनोमन आपली मानली. त्याच परिसरात भूमिगत वाहनतळ खोदला जाऊ लागला तेव्हा १ जुलै २०२४ रोजी लोकांचा संताप उसळला, तोडफोड झाली, सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. जाळपोळीचे समर्थन कोणी करू नये. मात्र ज्यांची वास्तू त्यांना विश्वासात न घेता आराखडा केला की त्याचे असे होते, हे नगरनियोजन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीचा राजवाडा १८६४ मध्ये आगीत गेला; मोठे प्रवेशद्वार तेवढे उरले. ते दैव म्हणता येईल. आज महालात जे वाडे पडत आहेत ते वाटण्या, रस्ता रुंदीकरण आणि बिल्डरची रक्कम यांमुळे. शहराच्या वारसा यादीत दीडशेहून अधिक वास्तू आहेत. यादीत नाव आले की मालकाला डागडुजीसाठी परवानग्यांच्या खेटा घालाव्या लागतात आणि हाती काही पडत नाही. म्हणून तो वाडा आपोआप पडण्याची वाट पाहतो. त्याला दोष देणे सोपे आहे. महापालिकेने अशा घरांचा मालमत्ता कर माफ करावा, चटई क्षेत्राचा हक्क अन्यत्र विकण्याची वाट सुलभ करावी, गवंडी-सुतारांना चुन्याचे आणि सागवानाचे काम पुन्हा शिकवावे. नाग नदी स्वच्छ करण्यासाठी सुमारे १९०० कोटींची योजना मंजूर आहे. त्यातल्या निधीतून काठावर सिमेंटच्या भिंतींऐवजी नदीला तिची जागा मिळाली, तर अंबाझरी लेआउटमधल्या माणसाला पुढच्या आश्विनापर्यंत रात्री निर्धास्त झोपता येईल.

आणि संघटनेशी, मंदिरांशी, शिक्षण संस्थांशी निगडित जी नवी भवने येत्या काळात उभी राहणार आहेत, त्यांच्या विश्वस्तांनी वास्तुविशारदाकडून पहिला नकाशा आल्यावर दोन प्रश्न विचारावेत. पावसाचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते? वीज गेली तर मे महिन्यात या सभागृहात माणूस बसू शकेल का?