आईची सही

परवा आईचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर तिची ट्रंक उघडली. वर्षभर कुणाला धीरच झाला नव्हता. वर नातवंडांसाठी शिवायला घेतलेली अर्धवट गोधडी, चष्मा, सातवी पास झाल्याचा दाखला. तळाशी घडीही न मोडलेली निळी इरकल आणि तिच्या आत 1998 सालच्या हक्कसोडपत्राची नक्कल.

त्याच वर्षी आजोबा गेले. बार्शीजवळ त्यांची नऊ एकर काळी जमीन. 1956च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईचाही त्यात वाटा होता. मामांनी तिला निबंधक कार्यालयात नेलं, सही घेतली आणि येताना इरकल घेऊन दिली. मी तेव्हा अठरा वर्षांची. विचारलं तर म्हणाली, "माहेर राहिलं म्हणजे झालं."

राहिलं की माहेर! मामा होते तोवर सुगीला ज्वारीचं पोतं यायचं. मामा गेले, पोतंही थांबलं. थंडी पडली की माझ्या लेकीला मांडीवर घेऊन ती चिंचेखालच्या हुरड्याच्या गोष्टी सांगे. "आमच्या मळ्यात" असंच म्हणायची. लेक हट्ट करी, "आजी, दाखव ना मळा." "लांब आहे गं बाई," असं उत्तर ठरलेलं. आमच्या गावाहून बार्शी एसटीनं जेमतेम दीड तास!

सगळे तिला भोळी म्हणत. मीही म्हणायचे. पण रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी बाई ती. 2005 साली कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला. ती बातमी तिनंच मला वाचून दाखवली होती. "मुलींना पण वाटा बरं का आता," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. नकलेवरची तिची सही वळणदार आहे. न समजता केलेली नाही ती.

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना हेच तर सांगत असते. वारस नोंदीला हक्कसोडपत्र लागत नाही. आणि एकदा ते रजिस्टर झालं की फिरवणं महाकठीण. तिथं माझा आवाज कसा खणखणीत असतो! पण वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी दादानं बाबांच्या जमिनीचा तसाच कागद माझ्यापुढे ठेवला, तेव्हा शब्द फुटेना. खोटं कशाला बोलू, आईचं शेवटचं आजारपण त्यानं आणि वहिनीनंच काढलं. वाटा मागायचा कुठल्या तोंडानं?

रात्री लेकीनं विचारलं, "आई, तुला पण साडी देणार का मामा?"

झोप लागली नाही. वाटलं, आजारपण काढल्याचा हिशोब जमिनीत करायचा, तर तो वहिनीच्या नावानं व्हायला हवा. सातबाऱ्यावर तिचं नाव तरी कुठं आहे?

दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, तलाठ्याकडे वारस म्हणून आपल्या दोघांची नावं लागू देत. जमीन तूच कस, मी आडवी येणार नाही. सही मात्र करणार नाही. आणि तुझ्या हिश्श्यात वहिनीचं नाव लाव."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग "बघू" म्हणाला आणि फोन ठेवला. भाऊबीजेला अजून तीन आठवडे आहेत.