ठराव झाला, पुढे काय?

मैत्रिणींनो, बचत गटांना, संस्थांना व्यवस्थापन शिकवणारे हल्ली पुष्कळ भेटतात. उद्दिष्ट लिहा, ठराव करा, अध्यक्ष निवडा. पण ठरावाने काय होतं, ते महाडला विचारा.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केलं, कागदावर! सवर्णांच्या धाकापुढे तो कागद तीन वर्षं पडून राहिला. २० मार्च १९२७ ला परिषदेला आलेली माणसं बाबासाहेबांबरोबर तळ्यापर्यंत चालत गेली, पाणी प्यायली, त्यापायी मारही खाल्ला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

आता आपलं बघू. इतिवृत्तात आपण ‘सर्वानुमते’ लिहितो. मग गटाचं पासबुक कायम एकीच्याच पिशवीत का? पोलादपूरच्या वरच्या वाडीतली बाई एसटीने पोचेपर्यंत निर्णय होऊन गेलेले असतात. बैठक कधी तिच्या वाडीवर का नाही? पुरुषांच्या संस्थांना हेच प्रश्न आपण ठणकावून विचारतो.

पुढच्या बैठकीत नवा ठराव मांडण्याआधी मागच्या ठरावांचा हिशेब वाचा: कोणी केलं, कुठे अडलं, कोण वगळली गेली. अध्यक्षबाईंपासूनच सुरुवात होऊ दे.