ठरलेल्या वळणांची प्रेमकथा

पहिल्या भेटीत भांडण, मग श्रीमंत घराचा विरोध, एक गैरसमज, अखेरीस लग्न. अशा कादंबऱ्यांना वाचक कंटाळले आहेत आणि त्यांची तक्रार रास्त आहे. गोड शेवटाबद्दल आमचं काही म्हणणं नाही. खटकतं ते हे, की नायिका नोकरी करते पण तिचं काम कधी दिसत नाही. घरभाडं, आजारपण, जात यांतलं काहीच त्या प्रेमाच्या वाटेत येत नाही.

कादंबरीकार ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ या पुस्तकात लेखनतंत्राची शिस्तशीर मांडणी केली. त्यांच्या हातात ते तंत्र डौलदार होतं. अनुकरण करणाऱ्यांकडे नुसता साचा उरला. पण १९३९ मध्ये विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी आली. चक्रधर आणि हॅर्टा बोटीवर भेटतात. ती नाझी जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी. मुंबई आली की तो उतरणार, तिला पुढे जावं लागणार. त्यांच्या प्रत्येक संभाषणावर सगळ्या युरोपचं सावट आहे, आणि म्हणूनच (निदान आम्हाला) ते प्रेम खरं वाटतं.

नव्या लेखकांनो, अशी गोष्ट लिहीत असाल तर आमच्याकडे जरूर पाठवा. लांबीची अट नाही.