कूलर घेण्याआधी छताकडे बघा. पत्र्याच्या घरांचा उन्हाळा आणि खिशाचं गणित

छत्रपती संभाजीनगर : मार्च लागला की तालुक्याच्या बाजारात कूलरच्या थप्प्या लागतात. ज्यांच्याकडे जुना आहे ते गवत आणि पंप बदलायला मिस्त्री शोधतात. गेल्या काही वर्षांत तर बऱ्याच गावांत एसीही पोचलाय. तरी दुपारी घरात बसवत नाही आणि रात्री झोप लागत नाही, ही तक्रार कायम आहे. कारण बहुतेक घरांत गरमी वरून येते आणि आपण पैसा खाली मशीनवर घालतो.

माळवद गेलं, पत्रा आला

जुनं माळवदाचं घर थंड का असायचं? लाकडी तुळया, त्यावर किलचन आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभराचं ऊन हा थर पोटात घेतो. ते खोलीत उतरेपर्यंत रात्र झालेली असते. शहरातल्या पाणचक्कीच्या हौदाखालच्या दालनात भर उन्हात गारवा मिळतो, त्यामागेही असंच कारण आहे: डोक्यावर पाण्याचा जाड थर आहे.

मग लोकांनी माळवद सोडलं कशामुळे? एक कारण भीतीचं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. लातूर-धाराशिवचा तो धसका सगळ्या मराठवाड्याने घेतला. दुसरं कारण खर्चाचं. माळवदाला दरवर्षी पावसाळ्याआधी माती लागते, लाकडाला वाळवी लागते आणि माती टाकणारी जाणकार माणसं आता मिळत नाहीत. पत्रा हलका, स्वस्त आणि दोन दिवसांत बसणारा. लोकांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण उघडा पत्रा मे महिन्याच्या दुपारी 60 अंशांच्या पुढे तापतो आणि ती सगळी आग खालच्या माणसावर येते. सिमेंटच्या स्लॅबचं वेगळं दुखणं आहे. तो दिवसा तापतो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत गरमी सोडत राहतो.

कूलर किती पाणी पितो?

मोठा कूलर तासाला पाच-सात लिटर पाणी सहज उडवतो. आठ तास चालवला तर 40 ते 55 लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोजचं पाणी धरलंय 55 लिटर. म्हणजे घरात कूलर चालू असेल तर एक माणूस वाढला असं समजा. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे हे पाणी हंड्यातूनच जातं.

विजेचं बघा. 200 वॅटचा कूलर रोज दहा तास चालला की महिन्याला 60 युनिट. दीड टनाचा एसी पत्र्याखाली लावला तर तो थांबायचं नाव घेत नाही. 100 युनिटांच्या पुढे दर चढतो आणि बिल हातात आलं की घरात भांडण.

आधी काय करायचं?

पोल्ट्रीवाल्यांकडे बघा. शेडच्या पत्र्यावर ते चुना मारतात, वर पाचट टाकतात, कारण कोंबडी मेली तर नुकसान लगेच दिसतं. घराच्या पत्र्यावर चुना मारायला मात्र आपल्याला सुचत नाही. पांढरा रंग ऊन परत फेकतो, म्हणून खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा याचाच. चुना पावसात धुतला जातो, म्हणून दरवर्षी मारावा लागतो. पत्र्याच्या वर फूटभर अंतर ठेवून शेडनेट ताणली तर आणखी फरक पडतो. घरावर पाचट किंवा तुराट्या मात्र टाकू नका. चूल आणि वायर जवळ असते, आग लागायला वेळ लागत नाही. आतून थर्माकोल लावतानाही हाच धोका धरा.

ज्यांचं माळवद अजून उभं आहे त्यांनी ते घाईने पाडू नये. पण जुन्या मातीवर दरसाल नवी माती टाकत गेलं की वजन वाढत जातं. आधी जुना थर खरवडा, मग नवी टाका. तुळई वाकली असेल किंवा भिंत फुगली असेल, तर त्या खोलीत झोपू नका.

कूलर वापरायचाच, तर समोरची खिडकी उघडी ठेवा. हवा बाहेर गेली नाही तर घरात नुसता दमटपणा साचतो. गवत दर हंगामाला बदला, टाकी आठवड्याला धुवा, नाहीतर डास होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: लोखंडी कूलरमध्ये पंपाची वायर उघडी पडली की पूर्ण बॉडीत करंट उतरतो. ओल्या हाताने, चप्पल न घालता पाणी भरताना जीव जातो. पाणी भरण्याआधी बटन बंद करून पिन काढा. तीन पिनचा प्लग, घराला खरी अर्थिंग आणि मीटरजवळ 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी लावून घ्या. ते करंट गळताच वीज तोडतं.

प्रश्न एकट्या घराचा नाही

घरकुल योजनेत 25 चौरस मीटरच्या घराला केंद्राच्या निकषाने 1 लाख 20 हजार मिळतात. एवढ्यात भिंती आणि छत उभं राहतं, छत थंड ठेवायला काही उरत नाही. अहमदाबादने 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर, 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छताचं धोरणच आणलं. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सूचना येतात त्या 'दुपारी घरात थांबा' अशा. ज्याचं घरच भट्टी आहे त्याने कुठे थांबायचं?

चुन्याच्या गोण्यांना मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात अंगणवाडी, शाळा आणि गावात एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांची छतं पांढरी करण्याचं काम घालता येतं. 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय काढला तर ऊन अर्धं संपलेलं असतं. तो 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा आणि ठरावाची नक्कल मागून घ्या.