बोदोनीची उसनी ऐट आणि बोरूचे मराठी वळण

छत्रपती संभाजीनगरहून पडेगावमार्गे दौलताबादकडे जाणारा रस्ता मराठी अक्षराच्या इतिहासातून जातो. देवगिरीवर जनार्दनस्वामींपाशी एकनाथ शिकले आणि पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तो काळ बोरूचा होता. आजच्या फ्लेक्सवर मात्र, पडेगावात काय किंवा पुण्यात काय, ‘ल’ आणि ‘श’ सर्रास हिंदी वळणाचे उमटतात आणि कोणाला ते खटकतही नाही.

जाड-बारीक रेषांचा तीव्र विरोध असलेले अक्षर म्हणजे खानदानी अक्षर, हा समज युरोपातून आला. पार्म्याचा बोदोनी (१७४०–१८१३) आणि पॅरिसचे दिदो घराणे यांनी उभी रेघ भरदार, आडवी केसासारखी, असे रोमन वळण रूढ केले. फॅशनची मासिके अजून त्याच ऐटीवर जगतात. म्हणून मराठी लग्नपत्रिकेलाही तीच ऐट हवीशी वाटते.

परंतु देवनागरीला हा विरोध उसना आणावा लागत नाही. तिरका छाटलेला बोरू कोनात धरला की उभा दंड आणि शिरोरेषा दोन्ही भरीव उतरतात. रेघ बारीक होते ती तिरप्या वळणांत. बोदोनीचे गणित जसेच्या तसे लावून शिरोरेषा केसाएवढी केली, तर शब्द दोरीवरून निसटणाऱ्या कपड्यांसारखा दिसतो. त्याला सुबक म्हणणे हा डोळ्यांवर अन्याय आहे.

हे मर्म धातूत उतरवण्याचे मोठे श्रेय जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांना द्यावे लागते. लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागलेल्या या माणसाने १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. ठसे कोरण्याचे काम राणोजी रावजी आरू यांचे. पोलादावर उलटे अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा, त्यात शिशाचा रस ओतायचा. वेलांटीचे टोक फार नाजूक ठेवले तर ते छपाईच्या दाबाखाली मोडणार. तेव्हा सौंदर्याला टिकाऊपणाची अट होती. १८८६ पासूनच्या ‘काव्यमाला’तील संस्कृत ग्रंथ पाहावेत: दाट जोडाक्षरेही गुदमरत नाहीत.

आजची अडचण निराळी आहे. युनिकोडमध्ये ‘ल’चा संकेतांक एकच, त्याचे मराठी रूप दिसायचे तर फॉन्टमध्ये ते असावे लागते, आणि फॉन्ट दुभाषी असेल तर मजकुराची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगावे लागते. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले, तरी यंत्राला शासननिर्णय वाचता येत नाही! ‘रोझा वन’सारखा अतिविरोधी फॉन्ट दोन शब्दांच्या मथळ्याला शोभतो, परिच्छेदाला नव्हे. त्याउलट मूर्ती क्लासिकल लायब्ररीसाठी घडवलेल्या अक्षरांतून आलेला ‘टिरो देवनागरी’ बोरूचा कोन जाणतो. त्याची मराठी आवृत्ती स्वतंत्र असून विनामूल्य मिळते. पुढची लग्नपत्रिका किंवा स्मरणिका जुळवणाऱ्याने ती आधी उतरवून घ्यावी, मग फुलांची नक्षी निवडावी.