विश्लेषण : जनसुनावणीत हरकत नोंदवली, पुढे काय?

नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल परिसरातील दहा गावे उठली, उलवे टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. अशा प्रकल्पांबाबत स्थानिकांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद नियमांत आहे. ते मानण्याचे बंधन मात्र कुणावरच नाही.

जनसुनावणी कशी होते?

केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळ ही सुनावणी घेते. किमान ३० दिवस आधी नोटीस निघते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. चित्रीकरण होते, शेवटी इतिवृत्त वाचून दाखवले जाते.

कच्चे दुवे कोणते?

सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. दहा जण आले तरी ती वैध. मतदान होत नाही, त्यामुळे सगळ्यांनी विरोध केला तरी मंजुरी मिळू शकते. हरकतींची दखल प्रकल्पदाराने अंतिम अहवालात घ्यायची असते आणि हा अहवाल त्यानेच नेमलेले सल्लागार तयार करतात.

मंजूर औद्योगिक वसाहतींतील कारखाने आणि गृहसंकुलांसारखी बांधकामे यांना तर सुनावणीतूनच सूट आहे. तळोजा एमआयडीसी आणि वाढत्या इमारतींच्या पनवेलला ही सूट महागात पडते. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न अखेर राष्ट्रीय हरित लवादापुढे न्यावा लागला.

न्यायालयात दाद मिळते का?

कधीकधी. गोव्यातील मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली. सुनावणीतील हरकतींवर तज्ज्ञ समितीने नीट विचार केला नाही, हे त्यामागचे एक कारण होते. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. दिल्लीपर्यंत लढणे प्रत्येक गावाला परवडणारे नाही.

काय बदलायला हवे?

प्रत्येक गावाला नकाराधिकार दिला तर एकही सार्वजनिक काम पुढे सरकणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण कारण न सांगता हरकत बाजूला सारण्याची मुभा तरी का असावी? मंजुरी देणाऱ्या यंत्रणेने प्रत्येक मुद्द्याला मराठीत लेखी, सकारण उत्तर द्यावे आणि ते मंजुरीआधी जाहीर करावे. त्याशिवाय दिलेली मंजुरी अवैध ठरावी. मग उद्या भरावामुळे पाणी घरात शिरले, तर ‘पाणी शिरणार नाही’ असे कुणी लिहून दिले होते, हे गावाला दाखवता येईल.